फुटत्या लाटांची पारख

बुडणारा माणूस दिसला म्हणजे काठावरच्या माणसाचे पाय आपोआप पाण्याकडे वळतात, ही गोष्ट मनुष्यजातीला भूषणावह आहे यात शंका नाही. परंतु ज्या पाण्याने एका पोहणाऱ्याला हतबल केले त्याच पाण्यात, त्याच ठिकाणी आणि तशाच रिकाम्या हातांनी शिरणाऱ्या दुसऱ्या पोहणाऱ्याची गती पहिल्याहून निराळी का व्हावी, याचा विचार त्या घटकेस सहसा कोणी करीत नाही. मुलामागे बाप, बापामागे चुलता आणि चुलत्यामागे शेजारी अशी माणसे एकामागून एक पाण्यात उतरतात, आणि पुष्कळदा असे घडते की मूल एखाद्या लाटेबरोबर किंवा दुसऱ्या कोणाच्या हाताला लागून काठावर येते, पण त्याच्यासाठी उतरलेला बाप मात्र परत येत नाही. ऑस्ट्रेलियातील रिचर्ड फ्रँकलिन आणि जॉन पर्न या संशोधकांनी अशा मृत्यूंचा एक स्वतंत्र वर्ग मानून त्यांचा अभ्यास केला आहे, इतका हा प्रकार नित्याचा आहे. त्या बापाच्या ठायी धैर्याची उणीव नव्हती, आणि कित्येकदा पोहण्याच्या शक्तीचीही नव्हती. उणीव होती ती पाण्यात पाऊल घालण्यापूर्वी त्या पाण्याची पारख करण्याची.

ही पारख करावयास वेळ कुठे असतो, असा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो निराधार नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षकाचे काम केलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांच्या हालचालींचे चित्रपट घेऊन बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा त्यांना असे आढळून आले की खरोखर बुडत असलेला माणूस हाका मारीत नाही आणि हात हलवून बोलावीतही नाही. त्याचे तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या क्षणात श्वास घ्यावयाचीच भ्रांत असते, हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात, आणि ही धडपड वीस ते साठ सेकंदांपलीकडे टिकत नाही. जो ओरडतो आहे, हात उंचावून बोलावतो आहे, तो थकलेला आणि भ्यालेला असला तरी अजून तरंगतो आहे व त्याच्यापाशी काही मिनिटांचा अवधी आहे. जो मुकाट्याने काठाकडे तोंड करून उभ्याउभ्या खालीवर होतो आहे त्याच्यापाशी तो नाही. तेव्हा समुद्राची परीक्षा हाक ऐकल्यानंतर आरंभावयाची असेल तर ती कधीच पुरी होणार नाही. ती सकाळपासून चाललेली असावी लागते. निष्णात जीवरक्षक एका दृष्टिक्षेपात निर्णय घेतो असे आपल्याला दिसते, त्याचे कारण त्या दृष्टिक्षेपापूर्वी त्याने तेच पाणी कित्येक तास न्याहाळलेले असते व आता त्याला फक्त शेवटचा तपशील भरावयाचा असतो.

६ फेब्रुवारी १९३८ हा दिवस सिडनी शहराच्या इतिहासात काळा रविवार म्हणून नोंदला गेला आहे. दक्षिण गोलार्धातील ऐन उन्हाळ्याचा तो दिवस. बाँडायच्या किनाऱ्यावर हजारो लोक जमले होते, समुद्र बराच उसळलेला होता, आणि काठापासून काही अंतरावर पाण्याखाली असलेल्या वाळूच्या उंचवट्यावर शेकडो माणसे कंबरभर पाण्यात निर्धास्तपणे उभी होती. तिसऱ्या प्रहरी एकापाठोपाठ एक अशा काही प्रचंड लाटा आल्या, त्यांनी त्या माणसांचे पाय उचलले, आणि लाटांनी काठावर लोटलेले पाणी जेव्हा समुद्राकडे परतले तेव्हा सुमारे अडीचशे माणसे त्या उंचवट्यावरून खोल पाण्यात ओढली गेली. दैवयोगाने त्या वेळी तेथील जीवरक्षक क्लबचे साठसत्तर शिक्षित जीवरक्षक किनाऱ्यावर हजर होते आणि दोराची रिळे वाळूवर सज्ज होती. भयभीत माणसांनी जीवरक्षकांच्या अंगाला व दोरांनाच मिठ्या मारल्या तरीही त्यांनी एकामागून एक माणूस काढला, बेशुद्ध पडलेल्या कित्येकांना शुद्धीवर आणले, आणि मृतांची संख्या पाचावर थांबली. या घटनेचे वर्णन बहुधा शौर्यगाथा म्हणून केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मला तिच्यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. तो वाळूचा उंचवटा, त्याच्यापलीकडचे खोल पाणी आणि त्या दिवशीच्या लाटांचे आकारमान या तिन्ही गोष्टी त्या मोठ्या लाटा येण्यापूर्वीच तेथे हजर होत्या. दुर्घटना क्षणात घडली. तिची सामग्री सकाळपासून जमत होती.

लाटांची उंची किती, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, कारण समुद्रात दोन लाटा सारख्या येत नाहीत. या प्रश्नाचे व्यवहारोपयोगी उत्तर युद्धाच्या निकडीतून निघाले. १९४२ साली वायव्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फौजा उतरविण्याची तयारी अमेरिकेत चालली असता, वॉल्टर मंक या तरुण शास्त्रज्ञाच्या असे ध्यानात आले की सरावाच्या वेळी लाटा सुमारे सात फुटांवर चढल्या की उतरणे तहकूब करण्याचा हुकूम सुटतो, आणि आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर तर हिवाळ्यात तेवढ्या लाटा वारंवार येतात. आपले गुरू हाराल्ड स्वेर्ड्रुप यांच्यासह त्यांनी लाटांचे भाकीत करण्याची पद्धत बसविली, आणि तीच पुढे १९४४ साली नॉर्मंडीच्या स्वारीत उपयोगी पडली. तीत त्यांनी उंचीचे जे माप धरले ते नावा हाकणाऱ्या तांडेलांच्या अंदाजावरून आले होते: अनुभवी तांडेल लाटांची उंची सांगतो तेव्हा तो सर्व लाटांची सरासरी सांगत नसून, सर्वांत मोठ्या अशा एकतृतीयांश लाटांची सरासरी सांगत असतो, कारण लहान लाटा त्याच्या लेखी जमेस धरण्याजोग्याच नसतात. आजही जगभरच्या समुद्रविषयक सूचनांतून हेच माप दिले जाते.

पण सूचनेत दिलेली उंची ही कमाल मर्यादा आहे असे समजणाऱ्याचा घात होतो. मायकेल लाँगे-हिगिन्स या गणितज्ञाने १९५२ साली दाखवून दिले की लाटांच्या लहानमोठेपणालाही एक नियम आहे. त्या नियमाने, सूचनेतली उंची चार फूट असेल तर दर शंभर लाटांत एखादी सहा फुटांची आणि दर हजारांत एखादी साडेसात फुटांच्या आसपासची लाट अपेक्षिली पाहिजे. दोन लाटांमधले अंतर दहा सेकंदांचे धरले तर शंभर लाटा यावयास सुमारे सतरा मिनिटे लागतात. याचा अर्थ असा की काठावर येऊन दोन मिनिटे समुद्र पाहणाऱ्याने तो पाहिलेलाच नाही. शिवाय लाटेची शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट उंचीची लाट चौपट बळाने आदळते. मोठ्या लाटा बहुधा थव्याने येतात आणि दोन थव्यांच्या दरम्यान समुद्र काही काळ विसावल्यासारखा दिसतो. जाणता जीवरक्षक आत शिरण्यास हाच विसावा निवडतो, आणि अजाण मदतकर्ताही नेमक्या याच विसाव्याच्या भरवशावर आत शिरतो. फरक इतकाच की पहिल्याला पुढचा थवा केव्हा येणार याचा अंदाज असतो.

उंचीइतकाच लाटांमधला काळ महत्त्वाचा आहे, आणि तो मोजावयास मनगटावरच्या घड्याळापलीकडे काही लागत नाही: लागोपाठच्या अकरा लाटांचे माथे एका ठरावीक जागी येताना पाहावेत आणि लागलेल्या सेकंदांना दहाने भागावे. उत्तर पाचसहा सेकंद आले तर त्या लाटा जवळच्या वाऱ्याने उठविलेल्या आहेत. बारा-चौदा सेकंद किंवा अधिक आले तर त्या दूरच्या वादळातून प्रवास करून आल्या आहेत, त्यांची लांबी खोल समुद्रात दोनशे-तीनशे मीटरांच्या घरात असते, आणि उथळ पाण्यात येताच त्या अनपेक्षितपणे उंचावतात. दक्षिण महासागरातील वादळांनी उठविलेल्या अशा दीर्घ लाटा कित्येक दिवसांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्याला पोहोचतात. केरळच्या कोळ्यांना हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; वारा पडलेला, आभाळ निरभ्र, आणि तरीही पाणी किनाऱ्यावर चढून येते, त्याला ते कल्लक्कडल, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र, म्हणतात. हैदराबादेतील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आता त्याची आगाऊ सूचना देते. वारा नाही म्हणून समुद्र शांत आहे, हे अनुमान किती पोकळ आहे ते यावरून दिसावे.

यापुढची गोष्ट मात्र डोळ्यांनी वाचावयाची आहे. लाट फुटते ती पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली म्हणजे. सबब चार फुटांची लाट जेथे फुटते तेथे पाणी पाच फुटांच्या आसपास आहे असे काठावरूनच सांगता येते. फुटत्या लाटांची पांढरी रेघ ही समुद्राच्या तळाचा नकाशाच होय. ती उतारावरून सावकाश ढासळत येत असेल तर तळ सपाट आहे. ती कमानीसारखी वळून एकदम कोसळत असेल तर तळाला चढ आहे, आणि असे पाणी काठाशीच कोसळत असेल तर ते पोहणाऱ्याला डोक्यावर आपटून मानेचे हाड मोडू शकते, म्हणून तेथे नुसते शिरणे आणि निघणे हीच मोठी जोखीम ठरते. आणि त्या पांढऱ्या रेघेत मध्येच एखादी जागा अशी असेल की जेथे लाटा फुटतच नाहीत, पाणी काळपट, नितळसे व गुळगुळीत दिसते, तर तेथे तळ खोल आहे, आणि तीच जागा सर्वांत घातक आहे.

लाटा काठाकडे जे पाणी लोटीत राहतात त्याला परत जावयाचे असतेच. शेताच्या बांधाला एके ठिकाणी मोरी असली म्हणजे साचलेले सगळे पाणी जसे तिच्याकडे धाव घेते, तसे हे पाणी वाळूच्या बांधातील खोलगट फटीकडे धावते आणि अरुंद प्रवाहाच्या रूपाने समुद्राकडे निघते. फ्रान्सिस शेपर्ड या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९३६ साली त्याला रिप करंट हे नाव दिले. आपल्याकडे किनाऱ्यावरचे लोक पाण्याला ओढ आहे एवढेच म्हणतात, आणि तेवढे पुरते. ही ओढ सामान्यतः सेकंदाला एकदोन फूट वेगाची असते, पण खवळलेल्या दिवशी ती आठ फुटांपर्यंत चढल्याची नोंद आहे, आणि त्या वेगापुढे निष्णात शर्यतपटूचेही काही चालत नाही. ती माणसाला खाली खेचीत नाही, फक्त बाहेर नेते; माणूस बुडतो तो तिच्याशी समोरासमोर झुंजून थकल्यामुळे. तिच्या खुणा ओळखावयास उंच जागी उभे राहावे: फेसाचे पट्टे समुद्राकडे वाहत जाताना दिसतात, गढूळ वाळूमिश्रित पाण्याची जीभ लाटांच्या रेघेपलीकडे पसरलेली असते, आणि पृष्ठभागावर बारीक खळबळ उठलेली असते. दुर्दैव असे की काठाच्या पातळीवरून पाहणाऱ्याला हीच जागा सर्वांत शांत भासते, त्यामुळे स्नानाला आलेली मंडळी ती निवडतात, आणि त्यांच्यामागून धावणारा मदतकर्ताही तेथूनच शिरतो.

येथे एक विलक्षण भेद ध्यानात घेतला पाहिजे. पायांना पंखे चढवून आणि तरंगते साधन बरोबर घेऊन निघालेला शिक्षित जीवरक्षक पुष्कळदा जाणूनबुजून याच ओढीत उतरतो, कारण बुडणारा बहुधा तिच्यातच असतो आणि ती त्याला कमी श्रमात तेथवर नेऊन पोहोचविते. पण त्याने परतीची वाट आधीच ठरविलेली असते: ओढीतून आडवे निघून जेथे लाटा फुटतात त्या उथळ भागावर यावयाचे, म्हणजे लाटाच दोघांना काठाकडे लोटतात. आत जाण्याची वाट आणि बाहेर येण्याची वाट निराळी असू शकते, ही कल्पना ज्याच्या मनात आलेली नाही त्याने पाण्यात उतरू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह असेल तर तोही मोजावा लागतो. वाहत जाणाऱ्या फेसावर नजर ठेवून तो मिनिटाला किती पावले सरकतो हे पाहावे, आणि बुडणाऱ्याच्या थेट समोरून न शिरता प्रवाहाच्या वरच्या अंगाने शिरावे.

कोकणच्या किनाऱ्यावर या सर्वांत भरती-ओहोटीची भर पडते. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाण्याची चढउतार पाच मीटरांच्या घरात जाते, गोव्याकडे ती दोन मीटरांच्या आसपास उतरते; म्हणजे उत्तर कोकणातील पुळण दिवसातून चार वेळा आपले रूप पालटते, आणि सकाळी पाहिलेला तळ दुपारच्या उपयोगी पडत नाही. आमच्या कोळ्यांपाशी यासाठी जो हिशेब आहे तो अगदी सुटसुटीत आहे: तिथीला पाऊणने गुणावे, येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोज सुमारे पाऊण तास पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते हे प्रवाशांना ठाऊक असते. ज्यांनी परतीची वेळ विचारलेली नसते त्यांना तेच अंतर भरतीत पोहावे लागण्याचा प्रसंग येतो. पाणी उतरू लागले म्हणजे वाळूचे बांध उथळ होतात, परतणाऱ्या पाण्याला फटींतूनच जावे लागते आणि ओढ बळावते. आणि खाडीच्या मुखाशी तर उधाणाची ओहोटी सारी खाडी रिकामी करीत असते, तिला समोरून येणाऱ्या लाटा भिडल्या की तेथे उभ्या, वेड्यावाकड्या लाटा उठतात, ज्यांत होडीचासुद्धा निभाव लागणे कठीण. म्हणून प्रश्न केवळ आता पाणी कसे आहे हा नसतो. मी त्या माणसापर्यंत पोहोचून परत फिरेन तेव्हा ते कसे असेल, हा असतो.

वाऱ्याविषयी थोडेच सांगावयाचे आहे. सकाळचे मतलई वारे जमिनीकडून वाहतात, काठाजवळचे पाणी गुळगुळीत करतात, आणि हवा भरलेल्या खेळण्यावर बसलेल्या मुलाला पोहणाऱ्याच्या वेगाहून अधिक वेगाने बाहेर नेतात. दुपारचे खारे वारे लाटांचे माथे मोडून सगळा पृष्ठभाग पांढरा करतात, मग त्यात बुडणाऱ्याचे डोके दिसत नाही. लाटांच्या घळीत उतरलेल्या मदतकर्त्याला तर चारपाच हातांपलीकडचे काहीच दिसत नाही. त्यासाठी काठावर एका माणसाची नेमणूक करावी आणि त्याला दुसरे कोणतेही काम सांगू नये: त्याने बुडणाऱ्यावरची नजर न हलविता हात त्याच्या रोखाने धरून ठेवावा, आणि मागे एखादे झाड किंवा देवळाचा कळस हेरून ती रेघ कायम करावी. कोळी आपली जाळ्यांची जागा जमिनीवरच्या दोन खुणांवरून शोधतात, तीच ही विद्या.

एवढे सारे पाहिल्यावर निर्णय न उतरण्याचा असू शकतो, आणि तोही निर्णयच आहे, पळपुटेपणा नव्हे. दोर फेकता येतो. बूच घट्ट लावलेला रिकामा डबा फेकता येतो, आणि तो छातीशी धरलेला माणूस ओढीत वाहत गेला तरी होडी येईपर्यंत तगतो. जवळच्या कोळीवाड्यात माणूस पिटाळता येतो. गोव्यात २००८ सालापासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांचा बंदोबस्त आहे, आणि लाल निशाणाचा अर्थ तेथे येणाऱ्यांना सांगितला जातो. महाराष्ट्रात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते; तो मत्स्यबीजाच्या रक्षणाचा नियम असला तरी, ज्या दिवसांत कोळी आपली नाव वाळूवर ओढून ठेवतो त्या दिवसांत शहरातून आलेल्या पोराने त्याच पाण्यात खेळावयास उतरू नये, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नसावी.

पारख आणि साहस यांचा मेळ कसा बसतो याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण मात्र होडीतले आहे. ७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील फार्न बेटांवर फॉरफरशर ही वाफेची बोट खडकावर आदळून दुभंगली. लाँगस्टोन दीपगृहातून रखवालदार विल्यम डार्लिंग यांची बावीस वर्षांची कन्या ग्रेस हिला पावणेपाचच्या सुमारास तो सांगाडा दिसला, पण अंधार आणि तुषार यांमुळे कोणी जिवंत आहे की नाही हे कळेना. बापलेकींनी दुर्बीण डोळ्यांपासून हलविली नाही, आणि सात वाजण्याच्या सुमारास पाणी उतरल्यावर खडकावर तीनचार माणसे हालताना दिसली. मग त्यांनी हिशेब केला. अशा समुद्रात मुख्य किनाऱ्यावरून जीवरक्षक नाव निघू शकेल अशी आशा नव्हती. दोघे मिळून तेथवर जाऊ शकतील, पण दोघांच्या बळावर परत येणे शक्य नव्हते. खडकावरच्यांपैकी काहींच्या अंगात वल्हे मारण्याइतके त्राण उरले असेल तरच परतता येईल. सरळ वाट जवळची होती, पण ती उघड्या लाटांतून जाणारी. म्हणून त्यांनी बेटांच्या आडोशाची, सुमारे मैलभराची लांब वाट धरली. खडकाशी पोहोचल्यावर विल्यम उडी मारून वर गेले आणि ग्रेसने एकटीने वल्ही मारीत नाव खडकापासून दूर सांभाळली. खडकावर नऊ माणसे जिवंत होती, आणि नाव लहान होती. पहिल्या खेपेस चार पुरुष आणि एक बाई एवढीच घेतली, आणि मूळच्या हिशेबाप्रमाणे सुटका झालेल्या खलाशांनी वल्ह्यांना हात लावला. ग्रेस दीपगृहात थंडीने गारठलेल्यांच्या शुश्रूषेला राहिली. विल्यम त्या खलाशांपैकी दोघांना घेऊन उरलेल्या चौघांसाठी पुन्हा गेले आणि त्यांना घेऊन आले. तिकडे मुख्य किनाऱ्यावरूनही एक नाव मोठ्या हिकमतीने निघाली होती आणि तीत ग्रेसचा भाऊ होता. ती खडकाशी आली तेव्हा तेथे फक्त मृतदेह उरले होते. त्या नावेतल्या माणसांनी समुद्राकडे पाहिले, परत फिरणे जमणार नाही असे ठरविले, आणि दीपगृहातच आसरा घेतला.